मुतालिकाच्या हाती शिक्का

मराठेशाहीच्या जुन्या कागदांतून हिंडताना ‘मुतालिक’ हा शब्द पावलोपावली भेटतो. अष्टप्रधानांपैकी बहुतेकांना स्वारीवर जावे लागे. प्रधान छावणीत आणि दफ्तर राजधानीत, अशी स्थिती झाली म्हणजे कागद कोणी पाहायचे आणि हुकूम कोणी सोडायचे? म्हणून प्रधान आपल्यामागे एक मुतालिक ठेवी. धन्याच्या नावाने कागद लिहिण्याचा व त्यावर धन्याचा शिक्का उठविण्याचा अधिकार या गृहस्थाला असे. अरबीतील ‘मुतलक’ या शब्दाशी त्याचे नाते जोडतात. त्याचा अर्थ अनिर्बंध, मोकळा. व्यवस्था मोठी सोयीची होती यात शंका नाही. राज्याचा कारभार एखाद्या माणसाच्या घोड्याबरोबर वणवण फिरत राहिला असता, तर तो चाललाच नसता.

पण सोयीच्या पोटात धोका होताच. शिक्का ज्याच्या हाती त्याचा हुकूम, हे एकदा ठरले की धनी हळूहळू नावापुरता उरतो. प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. शाहू महाराजांच्या निधनानंतर, १७५० साली, ते पेशव्यांच्या हुकमाला न जुमानता सांगोल्यास ठाण मांडून बसले आणि सदाशिवरावभाऊंना त्यांच्यावर चालून जावे लागले. मुतालिकाचा बंदोबस्त करण्यासाठी फौज काढावी लागावी, यातच त्या पदाचे सामर्थ्य दिसते.

त्या काळी कागदाला जपण्याच्या युक्त्या मात्र नामी होत्या. माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपताच मोर्तब. मोर्तबाचा हेतू असा की, त्याच्या खाली मागाहून कोणी एक अक्षरही वाढवू नये. लांब कागद तुकडे चिकटवून केलेला असला, तर पाठीमागे जोडांवरही शिक्के उठवीत, म्हणजे मधलाच तुकडा काढून दुसरा बसविता येऊ नये. गावच्या पाटलाची सही म्हणजे नांगराची निशाणी. ती उठली की अक्षरशत्रू असलेल्या पाटलाचाही शब्द पक्का झाला. परंतु या साऱ्या युक्त्या कागदाच्या रक्षणासाठी होत्या. शिक्का खरा, मोर्तब खरे, कागदही खरा, फक्त त्यामागे धन्याची मर्जी नाही, असा प्रसंग आला तर त्यावर उपाय कोणता? या प्रश्नाचे उत्तर मराठेशाहीला पुरते सापडले नाही. आणि आजच्या संगणकाच्या युगालाही ते आत्ता कुठे सापडू लागले आहे. कारण मुतालिक गेला असे आपण समजतो, पण तो आपल्या टेबलावरच्या संगणकात येऊन बसला आहे. त्याची हकीकत सांगण्यासाठी जालना जिल्ह्याइतकी योग्य जागा दुसरी क्वचितच मिळेल.

जालन्याची थोरवी सांगायला ‘जालना सोने का पालना’ ही एक म्हण पुरे. कुंडलिकेच्या काठचे हे जुने व्यापारी गाव. पहिल्या आसफजाहाला इथली हवा मानवे. त्याच्याच हुकमावरून काबिलखानाने १७२५ साली इथे गढी बांधली. पुढे निजामाशी झालेल्या तहांच्या जोरावर इंग्रजी फौजेची छावणी जालन्यास पडली आणि गावाचे महत्त्व आणखी वाढले. निजामाच्या दरबारातही मुतालकीचा खेळ चालूच होता, फक्त नाव निराळे होते. १८०९ साली मुनीर-उल्-मुल्क दिवाण झाला, तो राज्यकारभारात हात घालणार नाही असे लिहून देऊन! सारी सत्ता राहिली ती पेशकार चंदुलाल याच्याकडे. चंदुलालाने पामर आणि कंपनी या हैदराबादच्या पेढीकडून भारी व्याजाने कर्जे काढली. १८२० सालचे एकच कर्ज साठ लाखांचे होते. रेसिडेंट मेटकाफ याने त्या व्यवहाराचा बोभाटा केला, पण तोवर बोजा वाढून बसला होता. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची पण निजामाच्या खर्चाने पोसली जाणारी फौज हे त्या कर्जाचे एक मोठे कारण. आणि तिच्याच थकबाकीपायी १८५३ साली वऱ्हाड निजामाच्या हातून गेले. सही पेशकाराची, शिक्का सरकारचा आणि किंमत मोजली ती रयतेने. मुतालकीचा हिशेब बहुधा असाच पुरा होतो.

खेड्यातली गोष्ट याहून साधी होती. गावचे दफ्तर पटवाऱ्याच्या घरी असे. गावात तो मोडी लिही; तालुक्याच्या कचेरीत पूर्वी फारसी आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू चाले. आपल्या जमिनीबद्दल काय लिहिले आहे हे ज्याला वाचताच येत नाही, अशा कुणब्याला पटवाऱ्यावर विश्वास टाकण्यावाचून गत्यंतर नव्हते. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी संपली. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १९६६ साली जमीन महसूल संहिता झाली. त्यानंतर, १ मे १९८१ रोजी, जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा असे त्याचे आठ तालुके. पटवारी गेला, तलाठी आला. उर्दू गेली, मराठी आली. तरी शेतकऱ्याचा जीव अडकलेला राहिला तो त्याच दोन कागदांत, सातबारा आणि फेरफार.

आता संगणकाकडे वळू. केंद्र सरकारचा माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला आणि डिजिटल सहीला कागदावरच्या सहीचा मान मिळाला. ही सही म्हणजे सहीचे छायाचित्र नव्हे. मजकुरावर गणिती प्रक्रिया करून त्याचा एक लहानसा अर्क काढतात आणि सही करणाराच्या गुप्त किल्लीने तो अर्क बंद करतात. पुढे मजकुरातले एक अक्षर जरी बदलले, तरी अर्क जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते. म्हणजे माथ्याचा शिक्का, शेवटचे मोर्तब आणि जोडावरचे शिक्के ही तिन्ही कामे एकाच सहीने झाली. गुप्त किल्ली असते ती बोटाएवढ्या डोंगलमध्ये. ती तिथून बाहेर काढता येऊ नये अशीच त्याची रचना असते. डोंगल संगणकाला जोडून पिन क्रमांक टाकला, म्हणजे ते सही करून देते. ई-फेरफारच्या व्यवस्थेत तलाठी आणि मंडळ अधिकारी यांना असे डोंगल मिळाले, आणि १ मे २०१८ रोजी महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. मंठ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा नोकरीसाठी पुण्यात असला, तरी तिथे बसून आपल्या रानाचा सातबारा काढू शकतो. पटवाऱ्याच्या ओसरीवर तासन्‌तास तिष्ठत बसलेल्या त्याच्या पणजोबांना हे सांगितले असते, तर त्यांना ते खरेही वाटले नसते.

परंतु इथे एक अडचण आहे, आणि आपल्या गोष्टीचा गाभा तिच्यातच आहे. तलाठी ज्या वेबपानावर काम करतो ते पान असते दूरच्या सरकारी संगणकावर, आणि डोंगल असते तलाठ्याच्या सजातल्या टेबलावर. वेबपान हा आपल्या घरी आलेला परका पाहुणा. ब्राउझर त्याला ओसरीवर बसवितो, चहापाणी देतो. पण माजघरात येऊ देत नाही. आणि हे योग्यच आहे. आपण दिवसातून पन्नास पाने उघडतो. त्यांतले प्रत्येक पान आपल्या कपाटात हात घालू लागले, तर घर लुटायला वेळ लागणार नाही. मग डोंगलपर्यंत निरोप पोहोचायचा कसा? उत्तर असे की, घरातलाच एक गडी हाताशी धरायचा. आपल्या संगणकावर आधीच बसविलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो. पान त्याला हाक मारते, तो डोंगलला जागे करतो, मालकाकडून पिन घेतो आणि सही झालेला कागद पानाच्या हाती ठेवतो.

हा गडी कोणाच्या अधिकाराने काम करतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. संगणक सुरू करून आपण आपले नाव आणि पासवर्ड टाकला, की त्यानंतर चालणारा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या नावाने चालतो. जी फाइल आपण उघडू शकतो ती तो उघडू शकतो. जे आपण पुसू शकतो ते तो पुसू शकतो. संगणकाच्या लेखी तो म्हणजे आपणच. म्हणजे धन्याचा शिक्का घेऊन बसलेला मुतालिकच तो! हाक मारणारा परका, काम करणारा घरचा आणि अधिकार धन्याचा, असे हे तिघांचे त्रांगडे आहे. आणि त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९९१ साली जिनीव्याजवळच्या प्रयोगशाळेतून वेब जगापुढे ठेवले, तेव्हा पान म्हणजे नुसता मजकूर होता. १९९३ साली मोझॅक हा ब्राउझर आला. गाणे किंवा चलच्चित्र आले की मोझॅक ते स्वतः न उघडता संगणकावरच्या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हवाली करी. कोणत्या प्रकारची वस्तू कोणाच्या हवाली करायची, याची एक यादी संगणकावरच असे आणि ती मालकाला बदलता येई. पाहुण्याने निरोप आणायचा, तो कोणत्या गड्याला सांगायचा हे घरधन्याने ठरवायचे, अशी ती साधी रीत होती. तिच्यातही खोड्या निघाल्या, पण तत्त्व चांगले होते.

मग जो तो घाईला आला. १९९५ साली जावा आली. जावाचा प्रोग्रॅम पानाबरोबर चालत येई, पण त्याला वाळूच्या हौदात खेळणाऱ्या मुलासारखे आखून दिलेल्या जागेतच ठेवीत. घरात त्याला जाता येत नसे. १९९६ साली मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हएक्स नावाची निराळी तऱ्हा काढली. इथे हौद नव्हता. आलेल्या प्रोग्रॅमवर त्याच्या कर्त्याची डिजिटल सही पाहायची, मालकाला ‘हो की नाही’ एवढे विचारायचे, आणि ‘हो’ म्हटले की सारे घर मोकळे. त्याच साली फ्रेड मॅक्लेन या अमेरिकन प्रोग्रॅमरने या पद्धतीची गंमत जगाला दाखविली. त्याने एक रीतसर सही केलेला प्रोग्रॅम आपल्या पानावर ठेवला. तो आत घेतला की आपला संगणक आपोआप बंद पडे. सही खरी होती. सहीने एवढेच सिद्ध झाले की, पाहुण्याचे नाव खरे आहे. तो घरात येऊन काय करणार हे काही सहीत लिहिलेले नसते.

त्याहून मोठा धडा १९९७ साली जर्मनीत मिळाला. हांबुर्गच्या केऑस कॉम्प्युटर क्लबच्या मंडळींनी दूरचित्रवाणीवर एक प्रयोग करून दाखविला. गृहस्थाने एक पान उघडायचे, बस्स. पानाबरोबर आलेला ॲक्टिव्हएक्सचा प्रोग्रॅम त्याच संगणकावरच्या क्विकन या जमाखर्चाच्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचे आणि बँकेला पाठवायच्या हुकमांच्या यादीत आपला एक हुकूम हळूच घुसवून देई. पुढे गृहस्थ आपली बिले भरण्यासाठी गुप्त क्रमांक टाकी, तेव्हा त्याच्याच हातून परक्याचे पैसेही रवाना होत. यात कुलूप फोडले गेले नाही. किल्ली मालकाची, हात मालकाचा. हुकूम तेवढा परक्याचा.

या रोगाचे निदान मात्र आधीच होऊन गेले होते. नॉर्म हार्डी या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८८ साली एक छोटा निबंध लिहून टायमशेअर या कंपनीतली एक जुनी हकीकत सांगितली. तिथल्या संगणकावर अनेक गिऱ्हाइके काम करीत. त्यावरच्या एका प्रोग्रॅमला, आपल्या वापराची नोंद ठेवता यावी म्हणून, कंपनीच्या खास कप्प्यात लिहिण्याचा परवाना दिलेला होता. त्याच कप्प्यात गिऱ्हाइकांच्या बिलांची फाइलही होती. एका गिऱ्हाइकाने त्या प्रोग्रॅमला काम सांगितले आणि ‘निकाल अमक्या फाइलीत लिही’ म्हणून नेमके बिलांच्या फाइलीचे नाव दिले. गिऱ्हाइकाला त्या फाइलीला हात लावण्याचा हक्क नव्हता, पण प्रोग्रॅमला होता! त्याने निमूटपणे लिहिले आणि बिलांची माहिती पुसली गेली. हार्डीने या रोगाला जे नाव दिले त्याचे मराठी सरळ ‘गोंधळलेला मुतालिक’ असेच होईल. मुतालिक लबाड नव्हता. त्याच्याजवळ दोन धन्यांचे अधिकार एकत्र झाले होते आणि कोणते काम कोणाच्या अधिकाराने करायचे हे सांगणारी खूण त्याच्यापाशी नव्हती. हार्डीचे म्हणणे असे की, अधिकार माणसाला किंवा गड्याला सरसकट देऊच नये. ज्या कामाचा निरोप असेल, त्याच निरोपाबरोबर त्या कामापुरता अधिकार बांधून द्यावा. सांगोल्याच्या प्रकरणाचे सारही याहून वेगळे नाही.

शहाणपण उशिरा का होईना, आले. ब्राउझरात घुसून घरापर्यंत पोहोचणाऱ्या जुन्या जोडप्रोग्रॅमांना क्रोमने २०१५ साली आणि फायरफॉक्सने २०१७ साली दार बंद केले. त्या दिवसांत डिजिटल सहीवर ज्यांची कामे अडली, त्यांनी कपाळावर हात मारला असेल; कारण कालपर्यंत चालणारे पान आज डोंगल ओळखीना. मग नवी रीत रूढ झाली. सहीचा प्रोग्रॅम मालकाने स्वतः आपल्या संगणकावर बसवायचा. तो तिथेच, संगणकाच्या स्वतःच्या आतल्या पत्त्यावर, कान देऊन बसणार. पानाने त्या परसदारावर टकटक करायची. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी सुरू झाला, तेव्हा डिजिटल सही करणाऱ्यांना एमसायनर नावाचा असा प्रोग्रॅम बसवावा लागला. जालन्यातले लोखंडाचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या आणि मोंढ्यातले व्यापारी यांच्या कर-सल्लागारांना हे नाव सांगायला नको.

अंगठ्याचेही तसेच. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिला गेला. पुढे २०१७ पासून अंगठ्याच्या यंत्रांसाठी कडक नियम आले. सेवा केंद्रात शेतकरी पीएम-किसानच्या ई-केवायसीसाठी अंगठा ठेवतो, तेव्हा समोरचे पान त्या यंत्राच्या घरच्या प्रोग्रॅमला हाक मारते. तो प्रोग्रॅम ठसा घेतो, तिथल्या तिथे कुलूपबंद करतो आणि पानाला फक्त बंद लखोटा देतो. पानाला आतला ठसा दिसत नाही. लखोटा उघडतो तो ज्याचा त्यालाच. जुन्या जासुदाला मोहोरबंद थैली देत आणि आतले पत्र वाचण्याची मुभा देत नसत, तीच ही रीत. गोंधळलेल्या मुतालिकावरचा हा चांगला उतारा म्हणावा लागेल.

तरी परसदार हे परसदारच. २०१९ च्या जुलैमध्ये जोनाथन लाइटशू या संशोधकाने झूम या बैठकींच्या प्रोग्रॅमची एक गोष्ट उघड केली. ॲपलच्या संगणकांवर झूमने मालकाच्या नकळत असाच एक कान देऊन बसणारा गडी ठेवला होता. कोणतेही पान त्याला हाक मारून मालकाला एखाद्या बैठकीत ओढू शके, आणि कॅमेरासुद्धा सुरू होऊ शके. गंमत अशी की, झूम काढून टाकले तरी हा गडी घरातच राही आणि हाक येताच झूम पुन्हा बसवून देई. हा सारा खटाटोप कशासाठी? तर ब्राउझर दर वेळी ‘हा प्रोग्रॅम उघडू का?’ असे विचारतो, ती एक कळ वाचावी म्हणून! बोभाटा झाल्यावर ॲपलने त्या गड्याची आपण होऊन हकालपट्टी केली. जी कळ अडचण वाटत होती, ती घरधन्याची शेवटची सही होती, हे सर्वांच्या तेव्हा ध्यानात आले.

आता पुन्हा जालन्याकडे. २०२५ साली अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतल्या अतिवृष्टी-अनुदानाच्या वाटपाचे प्रकरण बाहेर आले. २०२२ ते २०२४ या वर्षांत पिके वाहून गेलेल्या शेतकऱ्यांसाठी आलेला हा पैसा. चौकशी झाली, अनेक तलाठी निलंबित झाले आणि अंबडच्या पोलिस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. तहसीलदारांचे लॉगिन आणि पासवर्ड दुसऱ्यांनीच वापरले आणि खोट्या नावांच्या याद्या मंजूर झाल्या, असा त्यातला आरोप आहे. कोण दोषी आणि कोण निर्दोष हे न्यायालय ठरवील; तो आपला विषय नव्हे. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात जे दिसते ते एवढेच की, आरोप खरा ठरला तर या प्रकरणातही कुलूप फोडले गेले नव्हते. संगणकाने विचारले, ‘कोण?’ उत्तर मिळाले, ‘तहसीलदार.’ शिक्का खरा होता, म्हणून दार उघडले. गुप्त किल्ल्या, अर्क काढणारे गणित, परसदारावरचे पहारे, या सर्वांनी मिळून कागदाचे रक्षण केले. शिक्का ज्याच्या हाती पडला त्याच्यापासून मात्र ते रक्षण करू शकले नाहीत. आणि अनुदान ज्याच्या हक्काचे, तो कोरडवाहू शेतकरी पासबुकात नोंद पाहण्यासाठी बँकेच्या रांगेत उभा.

यावर कोणी म्हणेल की, मग माणसांवर विश्वासच ठेवायचा नाही का? तसे मुळीच नाही. मुतालिकावाचून राज्य चालले नाही आणि मदतनिसावाचून तहसीलही चालणार नाही. पाऊस पडून गेल्यावर हजारो पंचनामे होतात. एकट्या अधिकाऱ्याने प्रत्येक कळ स्वतः दाबावी म्हटले तर अनुदान पुढल्या पावसाळ्यातच मिळेल. प्रश्न मदतीचा नाही. मदतनिसाला काय द्यायचे याचा आहे. त्याला त्याच्या नावाचा, त्याच्या कामापुरता अधिकार द्यावा, म्हणजे केलेल्या कामावर त्याचेच नाव उठेल. आपला पासवर्ड किंवा डोंगलाचा पिन त्याच्या हाती दिला, तर त्याने केलेले सारे आपण केले असे होते. चांगलेही आणि वाईटही. जुन्या फेरफाराच्या रीतीत हे शहाणपण आहेच. नोंद तलाठ्याने घ्यायची, संबंधितांना नोटीस देऊन पंधरा दिवस हरकतीसाठी थांबायचे आणि मग मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करायची. दोन हात, दोन नावे आणि मध्ये गावाला बोलण्याची संधी. संगणकात दोन्ही नावांच्या किल्ल्या एकाच टेबलाच्या खणात आल्या, तर कायद्याने मुद्दाम ठेवलेले हे अंतर नाहीसे होते.

मोठमोठ्या कंपन्याही फिरून याच उंबरठ्यावर आल्या आहेत. कोणतेही परके पान घरातल्या यंत्रांना किंवा संगणकाच्या आतल्या पत्त्याला हाक मारू लागले, तर आधी मालकाची परवानगी विचारायची, अशी रीत क्रोमने २०२५ च्या अखेरीस सुरू केली. १९९३ साली ती यादी मालकाच्या हाती होती. बत्तीस वर्षांच्या वळणावळणाच्या प्रवासानंतर प्रश्न पुन्हा मालकालाच विचारला जात आहे. आता उत्तर नीट वाचून द्यायचे की डोळे मिटून, हे त्याच्यावर.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जालन्याच्या मोंढ्यात वह्यांची पूजा होते. लाल बासनातल्या चोपडीशेजारी आता संगणकालाही हळदकुंकू लागते, आणि ते योग्यच आहे, कारण हिशेब त्याच्यातच आहे. जुना व्यापारी चोपडी कधी परक्याच्या हाती देत नसे. मुनीम कितीही विश्वासू असला तरी रात्री दुकान बंद करण्यापूर्वी रोजमेळ स्वतः पाही. संगणकाच्या पडद्यावर ‘परवानगी द्या’ असे विचारणारी चौकट आली, तर आपणही तेवढेच करावे. विचारणारा कोण, कोणत्या कामासाठी आणि किती काळासाठी, एवढे तीन प्रश्न मनाशी विचारावेत. घरातल्या मुलांनाही ते शिकवावेत. आणि वडीलधाऱ्या मंडळींचा मोबाइल ‘द्या, मी करून देतो’ म्हणून हाती घेणाऱ्या मुलांनी तर आधी स्वतः शिकावेत. सातबारा, अनुदान, पेन्शन, बँकेतली शिल्लक हे सारे आता त्या एका कळेच्या पलीकडे आहे. यमाजी शिवदेवांवर फौज घेऊन जायला सदाशिवरावभाऊ होते. आपल्या घरच्या मुतालिकावर लक्ष ठेवायला आपल्यावाचून दुसरे कोणी नाही.